‘घरी’ या रकान्यातलं शून्य

आमच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत बाळंतपण कुठे झालं हे लिहायला तीन रकाने होते: दवाखान्यात, वाटेत, घरी. ‘घरी’ या रकान्यात मी सलग तीन वर्षं, दर महिन्याला, शून्य लिहिलं. छत्तीस शून्यं. त्याबद्दल एका कार्यक्रमात मला शाल आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र आमच्या चिखलीच्या घरात टीव्हीच्या वर लावलेलं होतं. आता तिथे नुसता खिळा आहे. तो मी काढलेला नाही.

घरातल्या गॅस सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूने लिहिणारी बाई मी. आकडा चुकला तर मला चैन पडत नाही. तरी ती छत्तीस शून्यं मी लिहिली, आणि लिहिताना ती मला खरीच वाटत होती. ती खरी नाहीत हे कळलं त्या दिवसाबद्दल मी हे लिहिते आहे.

आधी कामाबद्दल थोडं. मी आरोग्यसेविका होते. लोक सिस्टर म्हणायचे, जुन्या गावातले नर्सबाई. उपकेंद्र चाकणच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. मी आले तेव्हा भोवती कांद्याची वावरं होती. पुढे त्या जागी पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि त्यांत कंपन्यांमध्ये काम करणारी, परभणी, बीड, लातूरकडची कुटुंबं राहायला आली. उपकेंद्रात बाळंतपणं होत नसत, ती दवाखान्यात पाठवायची. माझं काम प्रत्येक गरोदर बाई नोंदवणं, तिचं वजन, रक्तदाब, रक्ताचं प्रमाण बघणं. पण सगळ्यात महत्त्वाची असते शेवटच्या पाळीची तारीख. तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची तारीख निघते. ती जवळ आली की आम्ही बाईच्या मागे लागतो. पाळीची तारीखच चुकीची असेल तर पुढचं सगळं चुकतं, आणि ती तारीख फक्त त्या बाईलाच माहीत असते.

कविता चोवीस वर्षांची. जिंतूरकडची. नवरा बालाजी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत कंत्राटी कामगार. दहा खोल्यांच्या ओळीतली सातवी खोली त्यांची. तीन वर्षांची एक मुलगी, आणि सोबत सासू, गयाबाई. सातव्या महिन्यात कविताच्या रक्ताचं प्रमाण, जे अकरा तरी हवं, ते साडेआठच्याही खाली होतं, म्हणून तिचं नाव मी लाल पेनाने लिहिलं होतं. लाल नाव म्हणजे दर आठवड्याला भेट. मग एक दिवस गयाबाई उपकेंद्रात आल्या आणि म्हणाल्या, “सून माहेरी चाललीय बाळंतपणाला.” मी शेऱ्यात ‘माहेरी’ असं लिहिलं. ‘माहेरी’ लिहिलं की बाई माझ्या यादीतून जाते. ती दुसऱ्या कुणाच्या यादीत जाते का, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी, लस चुकलेली मुलं शोधत मी आणि मंगलताई त्याच ओळीत गेलो. मंगलताई आमच्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरून गरोदर बायकांची आणि लेकरांची खबर ठेवणारी गावचीच बाई. सातव्या खोलीच्या पायरीवर गयाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. दाराला बाहेरून कुलूप. समोरच्या दोरीवर दोन नऊवारी पातळं आणि एक ओला गाऊन.

गयाबाई गाऊन घालत नव्हत्या.

“कविता पोचली का नीट?” मी विचारलं.

“पोचली की. झाले पंधरा दिवस.” त्यांनी मान वर केली नाही.

“आणि ह्यो गाऊन कुनाचा वो मावशी?” मंगलताईंनी गाऊन चिमटीत धरला. “तुमी घालता व्हय आता?”

गयाबाई लसूण सोलत राहिल्या. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा एकेक गोष्ट जुळायला लागली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. दुसऱ्याला बाई शक्यतो सासरीच राहते, पहिल्या लेकराला टाकून कुठे जाणार? कविताचं हे दुसरं. शिवाय तिच्या कार्डावर मीच माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: आई हयात नाही. हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं होतं. बाई यादीतून गेली की एक काळजी कमी होते, म्हणून मी ते वाचलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. किंकाळी नव्हे. तोंडात कापड धरून कुणी कळ दाबतं, तसा. पंचवीस वर्षं तो आवाज ऐकल्यावर चूक होत नाही.

“किल्ली द्या,” मी म्हटलं.

“पोरीनं लेकराची शपथ घातलीय मला, बाई.”

“मावशी, किल्ली.”

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ती वेळ मी हाताच्या पंजावर पेनाने लिहिली. पुढच्या सगळ्या वेळाही तिथेच लिहिल्या, म्हणून आज सांगू शकते.

आत खोली झाडून घेतलेली. एका कडेला धुतलेलं जुनं लुगडं अंथरलेलं. स्टीलच्या वाटीत उकळलेला दोरा, वेष्टनातलं नवं ब्लेड. थोरली मुलगी शेजारी दिलेली. तयारी अडाणी नव्हती. कविता भिंतीला टेकून बसली होती आणि मला बघून तिने डोळे मिटून घेतले. पोलीस आल्यावर मिटतात तसे.

मी तपासलं. कळा चार मिनिटांनी येत होत्या. न्यायला वेळ होता. अकरा पंचवीसला रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी चौकाच्या पलीकडे होती, डॉक्टर गाडीतच होते, निघतो म्हणाले.

“मी नाही यायची,” कविता म्हणाली.

इथून पुढची वीस मिनिटं मला परत मिळाली असती तर मी नोकरीतली बाकी कुठलीही वर्षं दिली असती. त्या वीस मिनिटांत मी तिला समजावलं नाही, झापलं. “शिकलेली आहेस ना? हा काय अडाणीपणा?” म्हटलं. “रक्त किती आहे अंगात, माहितीये?” म्हटलं. “काही झालं तर पोलीस केस होईल, सासू आत जाईल,” असंही म्हटलं. बालाजीला फोन लावला. तो बंद, कारण त्यांच्या कंपनीत फोन गेटवरच्या पेटीत ठेवून आत जायचं असतं, साडेतीनला शिफ्ट सुटेपर्यंत मिळत नाही. त्यावरूनही मी कवितालाच बोलले.

ती कळ ओसरेपर्यंत थांबली आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, “हेच. तिथंबी असंच बोलत होते.”

मी मग तिला एक प्रश्न विचारला. सात महिन्यांत तिचं वजन मी सहा वेळा केलं होतं, पण हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. “तिथे काय झालं होतं?”

तिने कळांच्या मधल्या वेळेत सांगितलं. पहिल्या बाळंतपणाला एका मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. गयाबाईंना फाटकाबाहेर थांबवलं, आठ तास निरोप नाही. ती ओरडली म्हणून मांडीवर चापट मारली. कोण कोण माणसं येऊन बघून गेली, कुणी नाव सांगितलं नाही. न सांगता खाली कापलं. टाके घालताना ती हलली तर एक बाई म्हणाली, “नवऱ्याजवळ जाताना बरं वाटत होतं ना? मग आता कशाला बोंबलतीस?”

“महिनाभर मला बसता आलं नाही, सिस्टर,” कविता म्हणाली. “टाक्याचं जाऊ द्या. पण ते बोलणं. मी काय जनावर हाव का?”

ते वाक्य मला अनोळखी नव्हतं. नोकरीला लागले तेव्हा प्रसूतिकक्षात ते रोज ऐकू यायचं. आणि मी स्वतःही ते म्हटलेलं आहे. दोनदा म्हटल्याचं आठवतं. जास्त वेळाही असेल.

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं, “मी तुझ्याबरोबर गाडीत येते. आतही थांबते. गयाबाई आत येतील, त्याचं मी डॉक्टरांशी आत्ता फोनवर बोलून घेते. काहीही करायच्या आधी तुला सांगतील. नाही सांगितलं तर मी सांगीन.”

“हात सोडायचा नाही बघा.”

“नाही सोडत.”

“मग येते.”

अकरा पन्नास. डॉक्टरांना फोन केला. गयाबाई आत येतील म्हणाले, पण गाडी चौकात अडकली होती. एक कंटेनर बंद पडून आडवा उभा, मागे कंपन्यांच्या बसेस. चाकणचा तो चौक ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. सायरन वाजतो, सगळे वळून बघतात, आणि कुणालाही हलता येत नाही.

बारा पाचला डोकं दिसायला लागलं.

बारा अठराला मुलगी झाली. रडली. पिशवीतल्या ताणकाट्यावर दोन किलो सहाशे. वार बारा तीसला पडली, पूर्ण होती, मी उलटून बघितली. गयाबाईंनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. मंगलताई म्हणाल्या, “झालं बया, सुटली.” मीही तेच समजत होते.

मग लुगड्यावरचा लाल डाग वाढायला लागला.

बाहेरच्या माणसांसाठी सांगते. वार पडल्यावर गर्भाशय आवळून बेंबीखाली हाताला घट्ट गोळा लागायला हवा. तो घट्ट झाला की आतल्या रक्तवाहिन्या दाबून बंद होतात. कविताच्या पोटावर हात ठेवला तर मळलेल्या कणकेसारखं मऊ. अशा वेळी इंजेक्शन लागतं. ते नसेल तर घरच्या बाळंतपणासाठी म्हणून तीन लहान गोळ्या आमच्या पिशवीत ठेवायच्या असतात.

मी पिशवीत हात घातला आणि मला आठवलं.

त्या गोळ्या मी तीन वर्षं मागवल्याच नव्हत्या. साठ्याची मागणी मागच्या वापरावरून करायची असते. घरी बाळंतपणं शून्य, म्हणून वापर शून्य, म्हणून मागणी शून्य. सगळ्या वह्या एकमेकींशी जुळत होत्या. तपासणीला आलेल्या बाईंनी ‘नोंदी अत्यंत व्यवस्थित’ असा शेरा दिला होता.

मी मंगलताईंना म्हटलं, “माझी स्कूटर घ्या. चौकात जा, गाडी कुठे अडकलीय ते शोधा. गाडी नका आणू, डॉक्टरांना मागे बसवून आणा. इंजेक्शनचा डबा त्यांच्या मांडीवर.”

“येतील का वो ते स्कूटरवर?”

“मी फोन करते. तुम्ही निघा.”

त्या पदर खोचून गेल्या. बारा अडतीस.

मी पोट चोळत राहिले. बाळाला छातीशी लावलं, दूध ओढायला लागलं की गर्भाशय आवळायला मदत होते. कविताला भांड्यात लघवी करायला लावली. गयाबाईंना पाय उचलून धरायला लावले. भिजलेली फडकी मोजत होते: तीन, चार, पाच. नाडी शहाण्णव होती, मग एकशे दहा, मग एकशे अठ्ठावीस. ओठ पांढरे व्हायला लागले. साडेआठच्या आतल्या बाईला सहाव्या फडक्याची ऐपत नसते.

“सिस्टर,” कविता म्हणाली, “मला झोप यायलीय.”

“झोपायचं नाही. बोल माझ्याशी.”

“काय बोलू?”

 आयुष्यभर जे विचारत आले तेच तोंडात आलं. “पाळीची तारीख सांग. शेवटची.”

तिचे डोळे मिटत होते, तरी ती हसली. “खरी का?”

“खरी.”

तिने सांगितली. एका हाताने पोट दाबत मी दुसऱ्या हाताच्या बोटांवर नऊ महिने सात दिवस मोजले. तारीख चार दिवसांपूर्वीची निघाली. माझ्या वहीत ती अजून तीन आठवडे पुढे होती.

“लबाड,” मी म्हटलं.

“तुम्ही आधी आल्या असत्या ना मग,” ती म्हणाली.

“आले असते.”

“म्हणून तर.”

गयाबाई पाय धरून होत्या आणि पुटपुटत होत्या, “मीच कुलूप लावलं. माझ्या हातानं लावलं.” त्यांना गप्प करायला मला हात मोकळा नव्हता.

बारा अठ्ठावन्नला स्कूटरचा आवाज आला. मंगलताई पुढे, मागे तरुण डॉक्टर, डबा छातीशी धरलेला, चपलांपर्यंत धूळ. ते दारात वाकले, कविताकडे बघून आधी म्हणाले, “ताई, मी डॉक्टर आहे. मांडीत इंजेक्शन देतोय, दुखेल जरा.” सांगून दिलं. मग सलाईन लावलं. एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या तळव्याखाली तो गोळा घट्ट व्हायला लागला. हळूहळू, पण झाला.

डॉक्टरांनी घाम पुसला आणि विचारलं, “सिस्टर, गोळ्या नव्हत्या का तुमच्याकडे?”

“नव्हत्या,” मी म्हटलं. का नव्हत्या ते सांगितलं नाही.

गाडी एक पस्तीसला आली. मी हात धरून बरोबर गेले. गयाबाई आत आल्या. दोन पिशव्या रक्त चढलं. बालाजी चार वाजून गेल्यावर आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात नुकताच चालू केलेला फोन, त्यावर माझे नऊ मिस्ड कॉल. कविता वाचली.

महिन्याच्या शेवटी अहवाल भरायचा होता. आमच्या पर्यवेक्षिका बाई भल्या होत्या, मला सांभाळून घ्यायला बघत होत्या. म्हणाल्या, “‘वाटेत’ लिहा ना. गाडी निघालीच होती की. उगाच तुमचं रेकॉर्ड कशाला खराब करता? रिटायरमेंटला किती राहिलीत?”

“चार वर्षं.”

“मग?”

मी ‘घरी’ या रकान्यात एक लिहिला. मग जुन्या वह्या काढल्या. ज्यांचं दुसरं किंवा तिसरं बाळंतपण होतं आणि शेऱ्यात ‘माहेरी’ होतं, अशा चौदा बायका निघाल्या. मंगलताईंना घेऊन एकेकीकडे गेले. या वेळी वही पिशवीतच ठेवली. तीन गाव सोडून गेल्या होत्या. उरलेल्या अकरांपैकी सहा याच खोल्यांत बाळंत झाल्या होत्या, दार लावून. सहाही जगल्या, लेकरंही. हे माझ्या कामाचं यश नव्हे, नशीब.

त्यांना मी एवढंच विचारलं, का? एकीच्या थोरल्याला ठेवायला कुणी नव्हतं आणि वॉर्डात लेकरू चालत नाही. एकीच्या नवऱ्याला सुट्टी घेतली की कंत्राटदार पुढच्या महिन्यात घेत नव्हता. एक म्हणाली, “त्या चौकात गाडीत बाळंत होण्यापेक्षा घर बरं.” आणि तिघींनी आधी इकडचं तिकडचं सांगून शेवटी कविताने सांगितलं होतं तेच सांगितलं. पुढे वाकडला, बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या, चांगल्या पगाराच्या एका मुलीने ओळखीतून मला फोन केला होता. तिलाही घरीच बाळंत व्हायचं होतं. तिने खूप वाचलं होतं, खाली गाडी तोंड फिरवून उभी ठेवणार होती. मी तिला का विचारलं तर म्हणाली, “काकू, तिथे माझं कुणी ऐकून घेत नाही.” मला कविताच आठवली.

कुणी याचा अर्थ घरीच बरं असा काढू नये. मी त्या खोलीत फडकी मोजलेली आहेत. त्या दिवशी दोरीवर गाऊन वाळत नसता तर गयाबाई एकट्या काय करणार होत्या? मी आजही प्रत्येकीला दवाखान्यातच जा म्हणते. फक्त आता आधी विचारते, मग म्हणते.

जुने आकडे दुरुस्त करून पाठवल्यावर मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. इतक्या वर्षांत पहिली. उत्तर एका पानाचं दिलं, खाडाखोड न करता. त्याबरोबर गोळ्यांची मागणीही जोडली. गोळ्या आल्या.

पाचेक महिन्यांनी कविता उपकेंद्रात आली. कडेवर मुलगी, आणि मागे तिच्याच ओळीतली एक बाई, पोट पुढे, पदर तोंडाशी. ती बाई माझ्या वहीत होती. पुढच्या महिन्याची तारीख होती तिची.

“हिची तारीख खोटी हाय,” कविता म्हणाली. “खरी लिहून घ्या.”

ती बाई खरी तारीख सांगायला तयार होईना. कविताने तिला कोपराने ढोसलं. तिने सांगितली. मी बोटांवर मोजली. येत्या परवाची निघाली.

जुन्या तारखेवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी नवी लिहिली. पिशवीत हात घालून गोळ्या चाचपल्या. होत्या. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “कुठे व्हायचंय तुला बाळंत? आणि तिथे कशाची भीती वाटते?”

तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग कविताकडे.

“विचारायल्यात त्या,” कविता म्हणाली. “सांग की.”